माडाच्या खोडाचा ड्रम

साहेब, माझ्या हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहून काढतो, म्हणजे पुढचं बोलायला माझ्या पायाखाली जमीन राहील. हॉटेलच्या लॉबीतलं रिसेप्शनचं काउंटर, अठरा फुटी, पुढून गोलाई दिलेलं. त्यातला सांधा अजून कुणाला बोट ठेवून दाखवता आलेला नाही. जेवणघरातले जाळीचे चोवीस पडदे, प्रत्येक तुकडा पाऊण इंचाचा, खिळा एकही नाही. ओमानमधल्या या सलालाहतल्या आपल्या लोकांच्या गणपतीचं मखर, जे दर वर्षी सुटं करून तीन खोक्यांत मावतं. मुलीचं अभ्यासाचं टेबल. बायकोचा पोळपाट, जो कोणत्याही ओट्यावर ठेवा, डुगडुगत नाही. माडाच्या खोडाचे दोन ड्रम, जे तडकले. आणि माडाच्या खोडाचाच तिसरा, जो तडकला नाही. चौदा इंच व्यास, साडेसहा इंच उंची, वीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा नऊ अंशांत तासलेल्या. हा तिसरा तुम्ही युरोपभर वाजवलात आणि जगाला सांगितलंत की वाळवंटातल्या एका म्हाताऱ्या बेदूने, भटक्या अरबाने, तो तुम्हाला दिला.

मी बेदू नाही. तेव्हा म्हातारा तर मुळीच नव्हतो. तीस वर्षांचा होतो, राजापूर तालुक्यातला होतो आणि तुमच्या स्टेजपासून चाळीस पावलांवर, लाँड्रीच्या मागच्या वर्कशॉपमध्ये रोज सकाळी सात वाजता हजर असायचो. हे पत्र मराठीत लिहितोय. तुम्ही हयात असतात तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं, पण आपण ज्या भाषेत बोललो ती ना धड इंग्रजी होती, ना अरबी, ना हिंदी. तुमचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, म्हणूनच आपलं जमलं. तुम्ही गेलात त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी हे तोंडात धरून ठेवलंय. आता माझ्या भाषेत बोलतो, सावकाश.

नव्वद सालचा खरीप. सलालाहचा पावसाळा तुम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलात. दुबईची माणसं गाड्या भरभरून ती बारीक झिमझिम अंगावर घ्यायला येतात, आणि आमच्यासारख्या कोकणच्या माणसाला हसू येतं. हॉटेलने हंगामासाठी बागेत मोठा तंबू टाकला होता, बाजू उघड्या. गाणारी फिलिपिनो मंडळी होती आणि ड्रमवर तुम्ही. बेचाळीस वर्षांचे, उंच, मागे बांधलेले पिकू लागलेले केस. वाजवायला बसण्याआधी साबणाने हात धुण्याची तुमची सवय. आम्हा स्टाफला एवढंच सांगण्यात आलं होतं की हे एकेकाळी जर्मनीत मोठ्या रॉक बँडमध्ये होते. बेकरीतला केरळी चेट्टा म्हणाला होता, "मोठा होता तर इथे काय करतोय?" मी म्हटलं, "तू मोठा बेकर आहेस, तू इथे काय करतोयस?" पाहा, तुमची बाजू मी तुमची ओळख होण्याआधीपासून घेत आलोय.

त्या दमट हवेत तुमचा तो तीन पायांचा मोठा ड्रम सुरातच राहत नव्हता. तुम्ही त्याच्या कडेचे स्क्रू पिळत होतात, शिव्या देत होतात, मॅनेजरला सांगत होतात की मला खालचा आवाज हवाय, पोटातला, आणि हा नुसता डब्यासारखा वाजतोय. तंबूचा एक खांब हलत होता म्हणून मी तिथे होतो. मला तुमचं दुखणं कळलं, आणि इलाजही कळला असं वाटलं. आमच्या गावात देवळात शनिवारचं भजन असायचं. त्या दिवशी आई पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढून ठेवायची आणि मी तो पानात गुंडाळून देवळात न्यायचो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ती ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली उतरतो, घुमतो. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची. लहानपणी शंभरदा पाहिलेलं. मी चेट्टाकडून मुठीएवढी कणीक घेतली, तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात तुमच्या त्या ड्रमवर मधोमध थापली, बोटांनी कडा साफ केल्या, आणि मागे जाऊन उभा राहिलो. न विचारता केलं. हे कबूल करतो. पण लाजून करत नाही.

पहिलं गाणं संथ होतं. त्या ड्रमवर तुमचे फक्त तीन-चार ठोके होते, आणि तुम्ही प्रत्येक वेळी मान वळवून त्याच्याकडे पाहत होतात. आवाज उतरला होता. तंबूत अंथरलेल्या फळ्यांमधून तो माझ्या तळपायांत येत होता. मग दुसरं गाणं सुरू झालं, जलद, आणि तेव्हा मला माझी चूक दिसली. पखवाज हाताने वाजतो, साहेब. तळवा पडतो आणि उचलतो. तुमच्या हातात काठ्या होत्या. पहिल्या फटक्याला कणीक काठीला चिकटली, दुसऱ्याला सुटली आणि उडाली. एक गोळा गाणाऱ्या बाईच्या केसांत. दुसरा पुढच्या टेबलावर, कुणा अर्बाबच्या, बड्या शेखच्या, हमूर माशाच्या ताटात. तो अर्बाब भला माणूस, त्याने तो काट्याने उचलून बाजूला ठेवला आणि वेटरला विचारलं, "हे कच्चं का आहे?"

तुम्ही गाणं पूर्ण केलंत. मग सगळ्यांसमोर खाली उतरून आलात. तुम्हाला कुणी सांगितलं माहीत नाही, पण थेट माझ्याकडेच आलात.

"हे तू केलंस?"

"येस साहेब."

"हा ड्रम आहे. पाव नाही. तू कोण?"

"कार्पेंटर."

"मग लाकडाला हात लाव. माझ्या वस्तूला पुन्हा हात लावलास तर खलास."

खलास हा शब्द तुम्ही आल्या आठवड्यातच शिकला होतात. मॅनेजर लेबनीज होता, तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, यल्ला, चल, तुझं नशीब की शेख हसला, नाहीतर तिकीट काढलं होतं तुझं. मी मनात म्हटलं, पहिल्या गाण्याबद्दल हा माणूस बोलला नाही. दुसऱ्याबद्दलच बोलला.

चौथ्या दिवशी दुपारी, एक ते चारच्या सुट्टीत, तुम्ही वर्कशॉपच्या दारात उभे. हातात चेट्टाकडची कणीक, कागदी रुमालात. माफी मागितली नाहीत. ती तुमच्याकडे नव्हतीच, मी शोधलीही नाही. तुम्ही म्हणालात, "पहिल्या गाण्यातला आवाज. मी तो वीस वर्षं शोधतोय. किती पीठ होतं?" मी म्हटलं, "मूठभर." तुम्ही म्हणालात, "मूठभर हे माप नाही." त्या वाक्यावर मी तुमचा झालो. मीही तसाच आहे. कुणी 'थोडंसं' म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपण किचनचा काटा आणला. चाळीस ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत गेलो. सत्तरला थांबलो. कणीक वरून नाही, आतून लावायची, ही अक्कल माझी. नुसती कणीक दोन दिवसांत वाळून सुटते आणि खरिपात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते; म्हणून तिच्यात मीठ, खोबरेल आणि बारीक चाळलेला लाकडाचा भुसा, हीही अक्कल माझी. वर मलमलीचा तुकडा डकवायचा, ही तुमची. मी तुमचं तुम्हाला देतो. पाहा, किती सोपं असतं ते.

त्या दुपारी चार वर्षं चालल्या. मी सुलेमानी चहा करायचो, तुम्ही लाकडाच्या खोक्यावर बसून मांडीवर काठ्या वाजवत बोलायचात. पुस्तकवाल्यांनी तुमच्यावर पुढे काय लिहिलं ते लिहोत. मला तुमचं आयुष्य तुमच्या तोंडून माहीत आहे, तेही क्रमाने. युद्धानंतरचं कोळशाच्या खाणीचं गाव, जिथे दोरीवर वाळत घातलेली चादर संध्याकाळपर्यंत करडी व्हायची. वडील खाणीत, आणि रविवारी खाणकामगारांच्या बँडमध्ये पितळी भोंगा वाजवायचे. त्यांनी तुम्हाला दहाव्या वर्षी त्याच बँडच्या ढोलावर बसवलं. पंधराव्या वर्षी तुम्ही रेडिओवर रॉक ऐकलंत आणि रविवारी जायचं बंद केलंत. वडील दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत, जेवताना आईला म्हणायचे, "त्याला सांग मीठ दे." मग बँड. भाड्याची व्हॅन, पाच माणसं. तुमचा ठोका इतरांसारखा नव्हता. तुम्ही मध्ये जागा सोडायचात, आणि लोक त्या जागेत हलायचे. सात वर्षं, पाच रेकॉर्डी, मैदानात चिखलात उभी हजारो माणसं.

आणि मग ते, जे सांगताना तुमच्या काठ्या थांबल्या. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं तुमच्या ठोक्यावरून तयार झालं होतं. तालमीत तुम्ही एकटे वाजवत होतात, गिटारवाला नंतर आला, गाणारा त्याच्याही नंतर. रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा गाण्याच्या खाली दोनच नावं, गाणाऱ्याचं आणि गिटारवाल्याचं. तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, ठोक्याला नाव नसतं. ठोका कुणाचाही असतो. तुम्ही बँड सोडलात, ट्रक चालवलात, खांदा धरला म्हणून ट्रक सोडलात, प्रवासी जहाजावर म्हाताऱ्यांच्या नाचासाठी वाजवलंत आणि तिथून एका कंत्राटावर सलालाहला आलात. त्या दुपारी तुम्ही मला म्हणालात, "पैशाचं नाही रे. कागदावर मी नाही." मी चहा पुढे केला. मला तेव्हा वाटलं, हे दुःख ज्याने भोगलंय तो माणूस हे दुसऱ्याला कधी करणार नाही. मी लाकूड बरोबर ओळखतो. माणसं ओळखण्यात तेवढा वाकबगार नाही.

ड्रमचं असं झालं. ब्याण्णव साली हॉटेलने नवा पोहण्याचा तलाव बांधायला बागेतले सहा माड पाडले. जुने माड, बाहेरचं लाकूड काळपट, शिशासारखं जड. ठेकेदार ते जाळायला नेत होता. मी दोन खोडं ठेवून घेतली, कारण आमच्याकडे माडाचं खोड कुणी फुकट घालवत नाही. वहाळावर साकव घालतात, गोठ्याला वासे करतात. तुम्ही खोडावर पेनाने टकटक केलंत आणि म्हणालात, "याचा ड्रम होईल का? तो बारका, खाली तारा असलेला?" मी म्हटलं, होईल. मला काय माहीत होतं? मी तोवर ड्रम काय, साधी बादलीही केली नव्हती. पण पिंपाच्या फळ्या कशा जुळतात ते पाहिलं होतं, आणि वीस पट्ट्यांना तीनशेसाठ अंश वाटायला कॉलेज लागत नाही.

पहिला महिन्याभरात झाला आणि तुमच्या खोलीतल्या एसीने दोन दिवसांत चिरला. तुम्ही म्हणालात, "झाड रडतंय." दुसरा मी आणखी जाड केला, तो खरिपात फुगला आणि हिवाळा लागताच सांध्यात उघडला. तेव्हा कळलं की घाईत मी होतो, लाकूड नव्हतं. उरलेल्या पट्ट्या लाँड्रीच्या ड्रायरमागे, जिथे कायम सारखी कोरडी ऊब असते, तिथे चार महिने ठेवल्या आणि दर रविवारी वजन करून भिंतीवर लिहिलं. लागोपाठ तीन रविवार वजन तेच आलं, तेव्हाच रंधा हातात घेतला. जोडायला क्लॅम्प नव्हते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या. वरची कड सपाट करायला खिडकीच्या काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि ड्रम त्यावर गोल गोल फिरवला, तीन दिवस, काचेतून खाली उजेड दिसेनासा होईपर्यंत.

तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत, ती लिहितो, नाहीतर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला. काठ्या मला धरता आल्या नाहीत कधी. पण तुम्ही म्हणालात, कान मध्ये नको लावूस, कडेला लाव. प्रत्येक स्क्रूपाशी बोटाने टिचकी मार. जिथे वेगळं बोलेल तिथे कड खोटी आहे. मी दहाही ठिकाणी ऐकलं आणि दोन ठिकाणी पुन्हा घासलं. मग तुम्ही बसलात, हात धुऊन. एक ठोका मारलात. मान खाली घातलीत. मग विचारलंत, "मी हा घेऊन जाऊ शकतो?" मी म्हटलं, "तुमच्यासाठीच केला." एक रियालही मागितला नाही, हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. तसं ठरलं होतं आपलं, न बोलता.

चौऱ्याण्णवला तुमचा जुना बँड पुन्हा उभा राहिला आणि तुम्ही गेलात. पुढच्या वर्षी जर्मनीहून पार्सल आलं, लाकूड कोरायच्या सहा पटाश्या, कागदाएवढ्या धारेच्या, आणि चिठ्ठीत एकच ओळ: "मूठभर नाही, सहा." त्या अजून माझ्याकडे आहेत. त्यांच्यावर मी दुसऱ्या कुणाचा हात पडू देत नाही. त्याच वर्षी मी सुपरवायझर झालो, फॅमिली व्हिसा मिळाला, बायको आणि मुलगी सलालाहला आल्या. मी घरात तुमचा फोटो लावला होता. मुलगी विचारायची, हे कोण, आणि मी सांगायचो, माझे मित्र, मोठे माणूस.

सत्त्याण्णवला एक पाहुणा लॉबीत इंग्रजी मासिक विसरून गेला. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तुम्ही, आणि तुमच्यासमोर माझा ड्रम. मी ते घरी आणलं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये, इंग्रजी घडाघडा आणि मराठी अडखळत. मी म्हटलं, वाच, मोठ्याने वाच, आई पण ऐकेल.

ती वाचते. तुमचा नवा आवाज, सगळे विचारतायत तो कुठून आला. तुम्ही सांगता, वाळवंट, तंबू, रात्र, तारे. एक म्हातारा बेदू. त्याने हा ड्रम स्वतः कोरलेला. आणि ड्रमच्या आत लावायचं त्याचं गुपित, खजुराचा लगदा.

"बाबा," मुलगी थांबते, "इथे ओल्ड बेदुइन लिहिलंय. ते तुम्ही आहात?"

"पुढे वाच."

"पुढे तुमचं नेम नाहीये. मी शेवटपर्यंत पाहिलं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "कणकेचा खजूर केला होय मेल्याने?" आणि मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं. मी फोटो उतरवला नाही. उतरवला असता तर मुलीला कारण सांगावं लागलं असतं.

नव्व्याण्णवच्या खरिपात तुम्ही स्वतः आलात. हॉटेलात उतरला नाहीत, कुठे उतरलात तेही सांगितलं नाहीत. रस्त्याकडेच्या शहाळ्यांच्या टपऱ्यांपाशी भेटूया म्हणालात. बारीक झाला होतात, खोकत होतात. पायाशी ड्रमची पेटी. तुमच्याकडच्या हिवाळ्यातल्या हीटरने एक सांधा केसभर उघडला होता, बाराव्या आणि तेराव्या पट्टीमधला. मी हात फिरवला आणि म्हटलं, करून देतो. मग म्हटलं, "आधी एक विचारायचंय. म्हातारा बेदू कोण?"

तुम्ही शहाळ्यातली नळी फिरवत राहिलात. "तू वाचलंस."

"माझ्या मुलीने वाचलं. मला वाचून दाखवलं."

"ऐक. तिथे लोक गोष्ट मागतात. मी म्हटलं असतं, हॉटेलच्या मेंटेनन्समधल्या सुताराने केला, तर त्यांनी एक ओळ लिहिली असती. बेदूवर चार पानं लिहिली."

"मग एक ओळ लिहायला हवी होती. ती ओळ माझी होती."

"तुला काय फरक पडतो? ड्रम तर वाजतोय."

मी आयुष्यात वरिष्ठाशी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हटलं, "ठोका कुणाचाही असतो, असं तुम्हाला कुणीतरी म्हणालं होतं ना? खोक्यावर बसून माझ्यासमोर डोळे पुसले होते तुम्ही. ती माणसं वाईट होती, असं मी चार वर्षं समजत होतो. तुम्ही तर त्यांच्याहून पुढे गेलात. त्यांनी तुमचं नाव नुसतं गाळलं. तुम्ही माझ्या जागी दुसरा माणूस बसवलात, आणि तोही खोटा." टपरीवाला मलबारी आमच्याकडे पाहत राहिला. तुम्ही पांढरे पडलात. आजाराने की माझ्या बोलण्याने, ते मी ठरवणार नाही. मग म्हणालात, "पुढच्या मुलाखतीत सांगेन." आणि वर, "इन्शाल्ला." त्या शब्दाचा इथे किती भरवसा धरतात, ते तुम्हालाही माहीत होतं.

ड्रम मी अठरा दिवसांत दुरुस्त केला. आणि बंद करण्याआधी आतल्या बाजूला, तापवलेल्या तारेने, माझं पूर्ण नाव कोरलं; वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. देवनागरीत. अर्धा सूत खोल. तुम्ही फोन केलात, झालं का म्हणून. मी सांगितलं, झालं, आणि आत मी काहीतरी लिहिलंय. पलीकडे खोकला. मग तुम्ही विचारलंत, "वाजताना ऐकू येतं का ते?" मी म्हटलं, "नाही, आवाज तोच आहे." तुम्ही म्हणालात, "मग राहू दे." घ्यायला येतो म्हणालात, पुढच्या खरिपात. हिवाळ्यात हॉटेलच्या नावाने तुमच्या बहिणीचा फॅक्स आला, की तुम्ही गेलात. मधल्या काळात तुमची एक मुलाखत झाली होती. ती मी मिळवली, शब्दकोश घेऊन स्वतः वाचली, मुलीला दिली नाही. तुम्ही त्यात खांद्याबद्दल बोललात. हवामानाबद्दल बोललात. माझ्याबद्दल नाही.

बहिणीला मी ड्रमबद्दल कळवलं. तिने लिहिलं, ज्याने केला त्याच्याकडे राहू दे. ती एकटीच तुमच्या घरातली माणूस, जिने मला कर्ता म्हटलं, आणि तीही मला न पाहता.

गेल्या महिन्यात एक माणूस जर्मनीहून आला. तुमच्या बँडच्या वस्तूंचं कायमचं प्रदर्शन मांडतायत, त्याच्या वतीने. नीटनेटका, तिशीतला, मला सर म्हणणारा. त्याने पांढरे हातमोजे घालून ड्रम उचलला, खालचं कातडं काढायला मला सांगितलं, आत टॉर्च मारला, आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हे काय लिहिलंय?"

"माझं नाव. पत्ता."

"हे घासून काढता येईल?"

"मी केलेलं मला काढता येतं. का काढू?"

त्याने समजावलं. अगदी गोड बोलून समजावलं. बेदूची गोष्ट आता पुस्तकात आहे, माहितीपटात आहे, लोकांचं तिच्यावर प्रेम आहे. आतलं नाव गेलं पाहिजे, आणि एका कागदावर माझी सही हवी, की हा ड्रम मी हॉटेलात फक्त सांभाळला. "सर, लाकूड कुणी विकत घेत नाही. लोक गोष्ट विकत घेतात."

मी म्हटलं, "मग गोष्ट घेऊन जा. लाकूड इथे राहू दे."

तो म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, विचार नव्व्याण्णव साली करून झालाय, अर्धा सूत खोल. त्याला ते कळलं नाही, आणि मी समजावत बसलो नाही. ड्रम पेटीत घातला, त्याला गाडीपर्यंत सोडलं, शहाळं पाजलं. आपल्यात पाहुण्याला तसाच नाही पाठवत.

तुमच्यावर माझा राग आहे, साहेब, आणि तो राहणार. तुम्ही मोठे वादक होतात यात शंका नाही, आणि तुम्ही मला खोडून टाकलंत यातही शंका नाही. दोन्ही पट्ट्या एकाच ड्रमात बसतात, मला त्यांचा अंश बरोबर माहीत आहे. हा कागद मी कुठे पाठवणार नाही. तुमच्या बहिणीकडेही नाही, ती बिचारी कुणाकडून वाचून घेईल.

एक गोष्ट मात्र घरात कुणाला सांगितलेली नाही. मुलीला पुण्यात एमबीएला प्रवेश मिळालाय आणि आम्ही फीची जुळवाजुळव करतोय. तो माणूस गेला त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, किती देत होता तो, आणि मी म्हटलं, दोन हजार युरो. ती म्हणाली, "बरं केलंत नाही म्हणालात. दोन हजारांसाठी कुणी आपलं नाव पुसतं का?" मी मान हलवली आणि जेवायला बसलो. आतलं नाव घासून, कागदावर सही करून मी ड्रम द्यावा म्हणून त्याने जी रक्कम देऊ केली होती आणि मी जिला नाही म्हटलं, ती चौदा हजार युरो होती.